स्क्रोल लॉक, दोनदा

कीबोर्डाच्या वरच्या ओळीत, अगदी उजवीकडे, तीन बटणांचा एक छोटा गट असतो. त्यातल्या मधल्या बटणावरची अक्षरं कधी पुसट होत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतल्या कीबोर्डावरचं 'ए' केव्हाच नाहीसं झालं होतं, 'एस'चं अर्धं वळण उरलं होतं, स्पेसच्या पट्टीवर अंगठ्याच्या मापाची चकाकी आली होती. पण मधलं ते बटण, स्क्रोल लॉक, आज सकाळी खोक्यातून काढल्यासारखं कोरं होतं. ते कशासाठी असतं हे मी कधी कोणाला विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलं नाही. यावरून एक व्यापक सत्य हाती लागतं: ज्याच्याकडे काहीच काम नाही त्याच्याकडे सर्वांत महत्त्वाचं काम सोपवावं, कारण वेळ त्याच्याचकडे असतो. (माणसांच्या नेमणुका करताना हे तत्त्व पूर्वीपासून पाळलं जातं. यंत्रांच्या बाबतीत ते जरा उशिरा आलं.)

आमची प्रयोगशाळा पाणी तपासते. माझ्या टेबलावर दोन संगणक आहेत. पहिला जुना. तो धातू मोजणाऱ्या यंत्राला जोडलेला आहे आणि यंत्र त्याच्याखेरीज कोणाशी बोलत नाही. त्याचं वय पाहता त्याला बाहेरच्या जगाशी जोडू नये असं ठरलं, म्हणून त्याचं नेटवर्क काढून घेतलं आणि पेन ड्राइव्हच्या भोकावर चिकटपट्टी लावली. दुसरा नवा. तो अहवाल बाहेर पाठवतो. टेबल एकच असल्यामुळे दोघांत मिळून एक स्क्रीन, एक कीबोर्ड आणि एक माउस. आणि मध्ये साबणाच्या वडीएवढी एक डबी, जी कीबोर्डावरचा हुकूम ऐकून एका संगणकावरून दुसऱ्यावर नेते. हुकूम असा: स्क्रोल लॉक दोनदा दाबा. मी पहिल्यावर आकडा बघायचा, बटण दोनदा दाबायचं, दुसऱ्यावर जाऊन तो आकडा टाइप करायचा. म्हणजे दोन संगणकांना जोडणारी तार माझ्या डोक्यातून गेलेली होती. या रचनेचं वार्षिक पाहणीत 'पूर्णतः स्वयंचलित' असं कौतुक झालं आहे.

डबीला स्वतःचंही एक बटण आहे. ते दाबलं की काम होतं. पण टेबल साहेबांच्या मेहुण्यांनी बनवलेलं. मेहुणे फर्निचर करतात आणि त्यांचं मत असं की वायरी दिसणं म्हणजे घराची आतडी दिसणं. त्यांनी डबी, वायरी आणि (चुकून) मोजपट्टी हे सगळं प्लायवूडच्या मागे बंद करून वरून पॉलिश मारलं. टेबल फार सुरेख दिसतं. साहेबांच्या घरचं जेवणाचं टेबलही मेहुण्यांनीच केलेलं आहे. प्लायवूड कापलं तर त्या टेबलावर आपलं पान मांडलं जाणार नाही असं साहेब कधी म्हणाले नाहीत. मात्र प्लायवूडचा विषय निघाला की ते घरी फोन करायचा राहिला असल्यासारखे बाहेर जात.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काका बसतात. काका अहवाल लिहितात. ते पुढल्या वर्षी निवृत्त होतील, मला 'ताई' म्हणतात आणि कार्यालयामागच्या वसाहतीत मुलगा, सून आणि ठकू यांच्यासह राहतात. ठकू ही त्यांची नात. तिला अजून दात आलेले नाहीत आणि काकांच्या संभाषणात तिच्याखेरीज दुसरा विषय आलेला मी ऐकलेला नाही. निःपक्षपातीपणाच्या नियमानुसार अहवाल लिहिणाऱ्याने यंत्राचा आकडा अधिकृतपणे मिळण्याआधी पाहायचा नसतो. स्क्रीन एकच असल्यामुळे नियम पाळण्याचा मार्गही एकच: पहिला संगणक चालू असेतो काकांनी खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करायचं. एरवी हे काम चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात आटपतं.

ज्या दिवशी बटण चाललं नाही, त्या दिवशी पहिल्या संगणकावर एक आकडा होता. नमुना वसाहतीच्या टाकीचा. शिसं, मान्य मर्यादेच्या सहापट. मी तो नमुना पुन्हा मोजला, मग यंत्र शुद्ध पाण्यावर चालवून पाहिलं, मग तिसऱ्यांदा मोजला. आकडा हलला नाही. (शिसं उकळल्याने जात नाही. पाणी आटतं, ते राहतं. लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा अधिक प्रमाणात शोषलं जातं. ही माहिती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. इथे केवळ पूर्ततेसाठी दिली.) मी स्क्रोल लॉक दोनदा दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"चाललं का?" काकांनी भिंतीकडे बघत विचारलं.

"नाही, काका."

"चालेल, चालेल. आमची ठकू पण आधी दोन-तीनदा नाही म्हणते, मग पिते."

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, टाकीच्या पाण्यात शिसं आलंय. सहापट."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते गंभीर माणूस आहेत. "अहवाल पाठवलात?"

"बटण चालत नाही."

"मग अजून निकाल नाहीच की तो. नुसता आकडा आहे." त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "नुसता आकडा आपण बाहेर सोडला तर उद्या कोणीही काहीही आकडा सोडेल. मान्यता जाईल आपली. तुम्ही विज्ञान शिकलेल्या, तुम्हाला मी काय सांगायचं? बटणाचं बघू या आधी."

तर्कात मला दोष सापडला नाही. हातानं लिहिलेले आकडे आम्ही 'कागदविरहित' झालो तेव्हाच रद्द झाले. मोबाइल प्रयोगशाळेच्या दाराशी टोपलीत ठेवावा लागतो. दुसरा कीबोर्ड भांडारात आहे. परंतु 'एक टेबल, एक कीबोर्ड' या धोरणाला भांडारपालांनी स्वतःच घोषवाक्य सुचवलेलं असल्यामुळे तो मागणं त्यांना लागलं असतं. टेबलावर एक फोनही होता. तो व्यवस्थित चालत होता, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोष बघायला संगणक विभागाचे तंत्रज्ञ आले. त्यांना सगळे रीस्टार्टभाऊ म्हणतात. त्यांनी कीबोर्डाची पिन काढली, फुंकर मारली, घातली. मग दुसऱ्या भोकात घातली. मग पुन्हा पहिल्या. मग कंट्रोल दोनदा दाबून पाहिलं, कॅप्स लॉक दोनदा, दोन्ही शिफ्ट एकदम, आणि शेवटी, बाकी सगळं संपल्यावर, एंटर, बराच वेळ. या सगळ्या काळात शिशाचा आकडा स्क्रीनच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढ्या ठळक अक्षरांत होता.

"ही खिडकी मध्ये मध्ये येतेय हो," रीस्टार्टभाऊ म्हणाले, आणि त्यांनी ती कोपऱ्यात सरकवली.

पुरवठादाराच्या मदत केंद्राला फोन लावला. (होय, त्याच फोनवरून.) पलीकडचा माणूस फार नम्र होता.

"सर, डबीवरचं बटण दाबून पाहिलंत का?"

"डबी प्लायवूडच्या मागे आहे," रीस्टार्टभाऊ म्हणाले.

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "सर, प्लायवूड आमच्या हमीत येत नाही. तुम्ही स्क्रोल लॉक किती वेगाने दाबताय? दोन्ही वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत यायला हवं. फार घाई केलीत तर ते एकदाच धरतं."

या एका वाक्याने आमच्या कार्यालयाचं रूप पालटलं. तोवर दोष यंत्राचा होता. आता तो माणसांचा निघाला, आणि माणसांच्या दोषावर काम करण्याचा आम्हाला दांडगा अनुभव आहे. साहेबांनी तातडीने अदलाबदल समिती नेमली. समितीने प्रत्येक कर्मचाऱ्याला माझ्या टेबलापाशी बोलावून बटण दाबायला लावलं आणि निरीक्षणं काढली: सदतीस टक्के लोक फार सावकाश दाबतात, एकेचाळीस टक्के फार जोरात, आणि उरलेले बावीस टक्के शेजारचं बटण दाबतात. (या शेवटच्या गटात साहेब होते. त्यांची नोंद 'इतर' या सदरात केली.) योग्य वेगाने दाबणारा एकही आढळला नाही. म्हणजे आजवर हे काम निव्वळ योगायोगाने होत होतं, असा निष्कर्ष समितीने काढला, आणि इतकी वर्षं हा योगायोग टिकवल्याबद्दल माझं अभिनंदन केलं.

प्रशिक्षणासाठी टायपिंगच्या बाईंना बोलावण्यात आलं. बाईंनी अर्ध्या गावाला टायपिंग शिकवलेलं आहे. साहेबांच्याही बोटांवर त्यांची लाकडी पट्टी एकेकाळी पडलेली होती, हे साहेबांनी हात आपोआप मागे घेतले त्यावरून सर्वांना कळलं. बाई पाहणी करून म्हणाल्या, "तुमच्या बोटांना हाडं आहेत की लोणी? मनगट वर. नजर समोर. टक्, टक्. आणि मध्ये श्वास घ्यायचा नाही."

सभागृहात वर्ग सुरू झाले. सगळे एका ओळीत बसून टेबलाच्या कडेवर बोट आपटत. टक्-टक्. लेखापाल जेवताना डब्याच्या झाकणावर सराव करत. शिपाई जिना चढताना कठड्यावर. एका दुपारी लेखापालांनी माझ्या टेबलाशी येऊन डाव्या हाताने दाबलं आणि स्क्रीन काळी झाली. मोठा जल्लोष झाला. डावा हात हाच उपाय असल्याचं समितीने जागच्या जागी मान्य केलं आणि डावखुऱ्यांची यादी मागवली. तेवढ्यात कोणाच्या तरी कोपराचा माउसला धक्का लागला आणि आकडा पुन्हा दिसू लागला. स्क्रीन नुसती झोपली होती. डावखुऱ्यांची यादी मात्र पुढे उपयोगी पडेल म्हणून ठेवून घेतली.

काका भिंतीकडे बघत होते. आधी त्यांना अवघडल्यासारखं झालं, मग त्यांचं मन रमलं.

"ताई, भिंतीवरच्या या ओलीत एक बेट दिसायला लागलंय," ते एकदा म्हणाले. "काल नुसतं बेट होतं. आज त्याला बंदर फुटलंय."

"काका, तुम्ही इतका वेळ असं बसता, पाठ दुखत नाही?"

"पाठीचं काय घेऊन बसलात. घरी ठकूला घेऊन फेऱ्या मारायच्या असतात. वरचं दूध सुरू केलंय ना तिचं. पावडरीचं. गट्टं करते हो एकेक बाटली! सूनबाई म्हणते, बाबा, घरच्या नळाला धार नाही, तर तुम्ही ऑफिसमधून कॅन भरून आणत जा. तर मी रोज नेतो." त्यांनी पायाशी ठेवलेल्या पांढऱ्या कॅनवर मायेने हात ठेवला. "इथल्या नळाला काय जोर आहे!"

इथला नळ आणि वसाहतीचा नळ एकाच टाकीवर आहेत. जोर आहे, हे खरं.

मी काही केलं नाही असं नाही. मी घरून पाण्याची मोठी बाटली आणून काकांना दिली. म्हटलं, आमच्याकडचं पाणी चवीला चांगलं आहे, ठकूसाठी न्या. काकांना संकोच वाटला. त्यांनी माझं मन मोडू नये म्हणून बाटली घेतली आणि मी उठल्यावर ती खिडकीतल्या कुंडीत ओतली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. झाड अतिशय टवटवीत झालं. मग मी बोलायचं ठरवलं. परंतु अचूक बोलणं ही आमच्या शिक्षणाची पहिली अट आहे, आणि अजून जो निकाल नाही त्याच्याबद्दल अचूक बोलायचं तर वाक्य जपून बांधावं लागतं. 'काका, प्राथमिक स्वरूपाच्या, अद्याप अहवालात न आलेल्या, आणि म्हणून ज्यावरून कोणताही निष्कर्ष काढणं उचित नव्हे अशा एका आकड्याच्या संदर्भात' इथवर मी एकदा मोठ्याने पोचलेही. तोवर काका चहाला उठून गेले होते. चहा आमच्याकडे टाकीच्याच पाण्याचा होतो.

घरीही सुटका नव्हती. दार उघडतानाच सासूबाई विचारत, "चाललं का गं बटण?"

"नाही अजून."

"अरे देवा. मग दिवसभर काय केलंस?" त्या खरोखरच काळजीने विचारत. त्यांनी ही हकिगत शेजारच्या वहिनींना सांगितली, वहिनींनी दूधवाल्याला, आणि दूधवाला सकाळी माप ओतता ओतता "ताई, चाललं?" असं विचारू लागला. त्याने एकदा स्वतःहून उपायही सुचवला (बॅटरी बदला). नवरा ऑफिसातून मधेच फोन करी, तोही त्याचसाठी. माझ्या कामाची इतकी आस्थेने चौकशी आजवर कधी झाली नव्हती. त्या पाण्यात काय सापडलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं आमच्याकडे शिस्तीत बसत नाही.

दरम्यान आमच्या पद्धतीचा बोलबाला झाला. दुसऱ्या एका कार्यालयाचं पथक ती पाहायला आलं. त्यांना खरं तर कोणतीही अडचण नव्हती. त्यांच्याकडे दोन टेबलं होती. तरीही प्रशिक्षणाचा दर्जा पाहून ते भारावले आणि आपणही टेबल एकच ठेवावं असा विचार बोलून दाखवून गेले. जिन्यात फलक लागला: 'दोनदा दाबा, मनापासून दाबा'. साहेबांना एका परिषदेत बोलायचं निमंत्रण आलं. विषय होता, अदलाबदलीच्या मानसिकतेकडून मानसिकतेच्या अदलाबदलीकडे. मेहुण्यांनी त्या भाषणासाठी लाकडी व्यासपीठ करायला घेतलं, वायरी पूर्णपणे झाकून.

अखेर समितीने जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं. मदत केंद्राने अर्ध्या सेकंदाचा ठोका देणारी ध्वनिफीत पाठवली होती, रीस्टार्टभाऊंनी सगळं एकदा बंद करून चालू केलं होतं, आणि दाबण्याचा मान टायपिंगच्या बाईंना देण्यात आला होता. सकाळपासून माझ्या खोलीत खुर्च्या मांडणं चाललं होतं. साहेब, समिती, लेखापाल, भांडारपाल, मेहुणे (व्यासपीठाचं माप घ्यायला आलेले) असे सगळे जमले. चहाचा ट्रे फिरला. मी माझा कप घेतला आणि खिडकीतल्या कुंडीजवळ ठेवला.

काका नियमाप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसले होते. मांडीवर भरलेला कॅन होता.

"आज लवकर जायचंय," ते हळूच म्हणाले. "ठकूला कालपासून बरं नाही. पोट दुखतं बहुतेक, रडते नुसती. सूनबाईचा निरोप आला, दुधाचं पाणी संपलंय, घेऊन या. हे झालं की निघतोच. निघायच्या आधी अहवाल लिहून टाकीन हो, तुमचा खोळंबा नको."

शिशाने असं होतं की नाही, हे मला खात्रीने सांगता आलं नसतं. तान्ह्या मुलांच्या पोटात शंभर कारणांनी दुखतं. ते वाक्य मी पुन्हा मनात बांधायला घेतलं: प्राथमिक स्वरूपाच्या, अद्याप अहवालात न आलेल्या. त्यात आणखी एक अट घालायला हवी होती आणि मला ती सुचत होती.

साहेबांनी चार शब्द बोलून टायपिंगच्या बाईंना विनंती केली. बाईंनी चष्मा सारखा केला, बांगड्या वर सारल्या, मनगट उचललं. सगळे उठून टेबलाभोवती दाटले. माझ्यापुढे पाठीच पाठी होत्या. त्यांच्यामधून स्क्रीनचा एक कोपरा दिसत होता, तोही रीस्टार्टभाऊंच्या खांद्याने झाकला गेला. ध्वनिफितीचे ठोके सुरू झाले. कोणीतरी श्वास रोखल्याचं ऐकू आलं.

टक्. टक्.

काकांनी भिंतीवरची नजर न काढता मान तेवढी कलती केली.

"ताई, चाललं का?"

हाच प्रश्न सासूबाईंचा होता, दूधवाल्याचा होता, साहेबांचा होता. आत्ता, या ओळीपाशी, तो तुमचाही आहे. आकडा तुम्हालाही केव्हाचा सांगून ठेवलेला आहे, आणि तरी त्या पाठींच्या मागे टाचा उंचावून तुम्ही बटणच बघताय. मलाही बघायचं होतं. मी अर्धी उठलेही होते.

मी बसले. खुर्ची काकांकडे वळवली आणि त्यांच्या मांडीवरचा कॅन उचलून खाली ठेवला.

"काका, टाकीच्या पाण्यात शिसं आहे. उकळून जात नाही. ठकूला हे पाणी देऊ नका."